दोन पेशींच्या मधली जागा

बाटली नासली की रोपाच्या बुडाशी आधी दुधाळ धुकं दिसतं. बुरशी असेल तर कापूस धरतो, तो दारातूनही ओळखू येतो. हे धुकं मात्र बाटली दिव्यासमोर तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी पुणे–नाशिक रस्त्यावर पेठजवळ एका टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत होते. रोज सकाळचा पहिला दीड तास माझं हेच काम असे. बाटली उचलायची, तिरकी धरायची, ठेवायची.

प्रयोगशाळा म्हणजे मालकांची जुनी पोल्ट्रीची शेड. तिला फरशी, रंग आणि दुहेरी दारं लावली होती. मालक द्राक्ष बागायतदार, हुशार आणि उतावळे. मी वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. केलेली, तिशीच्या आतली. कापणीच्या खोलीत आठ बायका होत्या. कुणी सातवी शिकलेली, कुणी दहावीला बसून सोडलेली. सगळ्या आजूबाजूच्या गावांतून एसटीने यायच्या.

केळीचं रोप बाटलीत करणं अवघड नाही, कटकटीचं आहे. चांगल्या झाडाच्या बुडाला फुटलेला मुनवा, म्हणजे पिल्लू, काढायचा, धुवायचा, त्याची सालपटं एकेक करून उतरवायची. आत बोटाच्या पेराएवढा पांढरा कोंब राहतो. तो औषधाच्या पाण्यात बुडवून निर्जंतुक करायचा आणि साखर, क्षार, संप्रेरक घातलेल्या जेलीवर, म्हणजे मीडियावर, बाटलीत लावायचा. महिन्याने त्याला तीन-चार फुटवे येतात. ते कापून वेगळ्या बाटल्यांत लावायचे. पुन्हा महिना, पुन्हा कापणी. असे सात-आठ फेरे झाले की एका मुनव्याची हजारो रोपं होतात. कापणी होते लॅमिनारसमोर. लॅमिनार म्हणजे गाळलेल्या हवेचा झोत सोडणारं टेबल. त्यावर स्पिरिटचा दिवा, चिमटा आणि ब्लेड.

बायकांना कामाला लावण्याआधी मी दोन दिवस पेशी शिकवली. नुसतं कापायला शिकवलं असतं तरी चाललं असतं, पण आपण काय कापतोय हे माहीत नसलेला माणूस कुठेही कापतो. कांद्याचा पापुद्रा आयोडीनमध्ये बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि एकेकीला बोलावलं.

"ह्या भिंती," मी म्हटलं. "पेशीभित्तिका. त्यांच्या आत पातळ पडदा. आत काय घ्यायचं, बाहेर काय टाकायचं ते तो ठरवतो. तो पिवळा ठिपका म्हणजे केंद्रक."

"ह्यो मुकादम व्हय?" पेठच्या काकू म्हणाल्या. चाळिशीच्या, आठ जणींत सगळ्यांत मोठ्या. त्यांना सगळ्या काकूच म्हणायच्या.

"मुकादम नाही. मुकादम तोंडी सांगतो. इथे सगळं लिहून ठेवलेलं असतं. पान कसं करायचं, मूळ कसं करायचं, घड कसा काढायचा. एकेका पेशीत अख्ख्या झाडाचं लिहिलेलं आहे."

"मुळाच्या पेशीत बी घडाचं?"

"हो. पण मुळाची पेशी तेवढंच पान वाचते जे तिच्या कामाचं आहे."

"आन मधली रिकामी जागा?" हे विचारणारी लोणी गावची होती. पंचविशीची, बारीक, फार न बोलणारी.

"ती रिकामी नाही. पाण्याची टाकी आहे, रिक्तिका म्हणतात. कांद्याच्या म्हाताऱ्या पेशीत ती मोठी असते. आपण कापतो त्या कोंबाच्या टोकाला पेशी कोवळ्या असतात. भिंत पातळ, टाकी लहान, केंद्रक मोठं. त्यांचं एकच काम, दोनाच्या चार होणं. म्हणून ब्लेड तिथे लागता कामा नये."

त्यांना ते चांगलं कळलं. लोणीवालीने तर वहीत पेशीचं चित्र काढून नावं लिहिली. मी स्वतःवर खूश झाले. पेशीच्या आतलं मी सगळं शिकवलं होतं. दोन पेशींच्या मधे काय असतं ते मी शिकवलं नाही, कारण मलाच ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

माझी दुसरी चूक कामाच्या पद्धतीत होती. आठ मुनवे निवडले होते. प्रत्येकापासून वाढलेल्या रोपांना आम्ही लाइन म्हणायचो. मी आठ बायकांना आठ लाइनी वाटून दिल्या. एक बाई, एक लाइन, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाटलीवर मार्करने दोन आकडे लिहायचे, बाईचा आणि लाइनचा. कुणाची बाटली नासली हे लगेच कळेल, जबाबदारी नक्की होईल, असा माझा हिशेब होता. बायकांनाही ते आवडलं. आपापल्या बाटल्यांकडे त्या आपल्या कालवडीकडे बघावं तशा बघायच्या. लोणीवाली चार नंबर. तिला डिंगोरे गावच्या झाडाची लाइन आली होती. मालकांच्या मेव्हण्याच्या मळ्यातलं झाड, ज्याचा घड मालक येईल-जाईल त्याला हात पसरून दाखवायचे.

चार फेरे नीट गेले. पाचव्या फेऱ्याला चार नंबरच्या बाटल्यांत धुकं दिसलं. पहिल्या आठवड्यात सहा बाटल्या, पुढच्यात वीसच्या वर. बाकी सात जणींचं मिळून एखाद-दुसरं.

मी आधी यंत्रं तपासली. मीडिया भरून, काहीही न लावता कोऱ्या बाटल्या तशाच ठेवल्या. त्या दोन आठवडे काचेसारख्या स्वच्छ राहिल्या, म्हणजे बाटल्या वाफेवर निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह आणि मीडिया ठीक. लोणीवालीला दुसऱ्या लॅमिनारवर बसवलं. तिथेही धुकं. मग राहिली ती.

तिच्याविरुद्ध एक गोष्ट होतीच. बाकीच्या बायका आत जाताना बांगड्या काढून खुंटीवरच्या डबीत ठेवायच्या. ही काढायची नाही. नवरा फौजेत होता, सीमेवर. मी पहिल्याच दिवशी विचारलं तेव्हा तिने खाली बघत सांगितलं, "ह्ये सुट्टीवर आले की काढीन, मॅडम. आता न्हाई." मी वाद घातला नाही. वर पांढरी पट्टी बांध, स्पिरिटने पूस आणि बाहीला इलॅस्टिक घाल, असं ठरलं. ती ते रोज न चुकता करायची. आता सगळ्यांना ती पट्टी दिसायला लागली.

जेवणाच्या सुट्टीत बायका शेडमागे लिंबाखाली बसत. मी खिडकीजवळ नोंदी करत असताना बोलणं ऐकू यायचं.

"पट्टीखाली काय कमी घाम येतो का?"

"पट्टीचं न्हाई गं. हाताचंच असतं. माझ्या नणंदेनं लोणचं घातलं की आठ दिसात बुरशी. त्याच कैऱ्या, त्येच मीठ."

"म्हंजी हिनं लोणचं घातलं की आपुन घरी न्यायचं न्हाई."

सगळ्या हसल्या. लोणीवालीही हसली, पण त्यानंतर तिने डबा उघडून मधे ठेवणं बंद केलं. आपला डबा ती आपणच खायची. आमच्याकडे हातगुण ही खरी गोष्ट आहे. कुणाच्या हातचं बी उगवतं, कुणाच्या हातचं दही लागतं, कुणाला रोप लावायला बोलवायचं नाही, हे गावाला माहीत असतं. एकदा नाव पडलं की बाई म्हातारी झाली तरी ते पुसत नाही. आणि त्या आठपैकी तिघी लोणीकडच्याच एसटीने जायच्या.

मालक रोज विचारायला लागले. "मॅडम, पावण्याच्या झाडाचीच रोपं मरतायत. ऑर्डर त्याच रोपांची आहे. एका बाईपायी मी लोकांना काय तोंड दाखवू?"

"आठ दिवस द्या," मी म्हटलं. "अदलाबदल करून बघते."

परीक्षा सोपी होती. काकू सात नंबर. त्यांची लाइन पेठच्याच एका झाडाची आणि पाच महिन्यांत त्यांची एकही बाटली नासली नव्हती. एक दिवस लोणीवालीने काकूंची लाइन कापायची आणि काकूंनी डिंगोऱ्याची. प्रत्येकी चाळीस बाटल्या. धुकं बाईबरोबर गेलं तर दोष बाईचा. लाइनबरोबर गेलं तर बाई सुटली. आदल्या दिवशी मी कोऱ्या बाटल्यांवर आकडे स्वतः लिहिले आणि सकाळी त्या आणि कापायच्या रोपांचे ट्रे दोघींसमोर ठेवले. दोघी कापायला बसणार तोच वीज गेली. वीज गेली की लॅमिनार बंद, आणि आल्यावरही वीस मिनिटं झोत चालू राहिल्याशिवाय बसायचं नाही असा नियम. मी जनरेटर का लागत नाही ते बघायला बाहेर गेले. परत आले तेव्हा दोघी मान खाली घालून कापत होत्या.

ते आठ दिवस मी चांगली वागले नाही. घरी चिडचिड, प्रयोगशाळेत चिडचिड. लोणीवाली सकाळी आली की ग्रोथ रूमच्या, म्हणजे बाटल्या वाढायला ठेवायच्या खोलीच्या, काचेबाहेर उभी राहायची. आत यायची तिला परवानगी नव्हती. मी बाटल्या तिरक्या धरत असताना ती बाटलीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायची. चौथ्या दिवसापर्यंत काहीच नाही. पाचव्या दिवशी तिच्या दोन बाटल्यांत धुक्याची कड दिसली. मी त्या तशाच ठेवल्या, चेहरा हलू दिला नाही. आठव्या दिवशी तिच्या चाळीसपैकी एकतीस. काकूंच्या चाळीसपैकी एकही नाही.

मी मालकांना आकडे दाखवले. ते म्हणाले, "आकडे तुमचेच. मग आता थांबायचं कशाला?"

मी तिला ऑफिसमध्ये बोलावलं आणि सरळ सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस.

तिने वाद घातला नाही. म्हणाली, "माझ्या हाताला काय झालंय तेवढं सांगा, मॅडम. डॉक्टरला दाखवते."

"हाताला काही नाही. बाटल्या नासतायत, एवढंच."

"मग घरी काय सांगू?"

"काम कमी झालं म्हणून सांग."

"त्ये कोन मानंल? एसटीत बाकीच्या असत्यातच की." तिने अ‍ॅप्रन काढला, शिवणीवर शिवण ठेवून घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवला. वही मात्र घेऊन गेली.

मला वाईट वाटलं असं आता लिहिणं सोपं आहे. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

काम पुढे चाललं. अदलाबदलीच्या आधीच्या डिंगोऱ्याच्या बऱ्याच बाटल्या रॅकवर होत्या, दिसायला स्वच्छ. त्या कापायची वेळ आली तेव्हा मी काकूंना दिल्या. त्यांच्या हातावर माझा विश्वास होता. लोणीवाली गेल्यावर तीन आठवड्यांनी एका सकाळी मी ग्रोथ रूममध्ये बाटल्या बघायला लागले आणि दुसऱ्याच रांगेत थांबले. काकूंच्या बाटल्यांत धुकं होतं. एका-दोन बाटल्यांत नाही. रांगच्या रांग. आणि ज्या बाटल्यांवर डिंगोऱ्याचा आकडा होता तेवढ्यांतच. त्यांची स्वतःची लाइन त्याच रॅकवर खाली स्वच्छ उभी होती.

मी काकूंना आत बोलावलं आणि एक बाटली दिव्यासमोर धरून दाखवली. त्यांनी बघितलं आणि बाटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मॅडम, दार लावा."

मी लावलं.

"त्या दिशी लाइट गेली व्हती बघा. तवा आमी ट्रे परत बदलले."

"म्हणजे?"

"आपापले घेतले. तिनं तिची डिंगोऱ्याची कापली, मी माझी. बाटल्यांवरचे आकडे तुमी लिवल्यालेच व्हते."

चाळीस बाटल्यांवर मी काकूंच्या लाइनचा आकडा लिहिला होता आणि आत रोपं होती डिंगोऱ्याची. परीक्षेने काहीच सांगितलं नव्हतं. मी मात्र त्या परीक्षेच्या जोरावर एका बाईचं काम काढून घेतलं होतं.

"का केलंत?"

"माझी एक बी बाटली नासली नव्हती. ती तिच्या हातात द्यायला माझं मन घेईना." काकूंनी नजर चुकवली नाही. "मीच म्हनलं, आपापले घेऊ."

"आणि ती तयार झाली?"

"ती लगीच. म्हनली, काकू, तुमची नासली तर मला झोप न्हाई लागायची. माझी नासतात तर माझीच नासू दे."

"आणि मी तिला काढलं तेव्हा गप्प बसलात."

"बसले," काकू म्हणाल्या. "मला बी वाटलं, तिच्या हाताचंच हाय. मग सांगून काय फरक?"

मलाही तेच वाटलं होतं, फक्त मी त्याला चार नंबर म्हणत होते.

काकूंना कामाला पाठवलं आणि सूक्ष्मदर्शक काढला. डिंगोऱ्याची धुकं नसलेली बाटली मुद्दाम निवडली. रोपाच्या बुंध्यातून नव्या ब्लेडने पातळ चकती काढली, पाण्याच्या थेंबात ठेवली, वर काच. पेशी नीट दिसत होत्या. साबणाच्या फेसासारख्या एकमेकींना टेकलेल्या, भिंती शाबूत. त्यांच्यात काही बिघडलेलं नव्हतं. मग मी नजर पेशींवरून काढून पेशींच्या मधे नेली. गोल वस्तू एकमेकींना टेकल्या की कोपऱ्यात फट राहते. पेशींचंही तसंच. तीन पेशी भेटतात तिथे बारीक तिकोनी बोळ असते, हवा खेळण्यासाठी. शिवाय पाणी वर नेणाऱ्या नळ्या असतात. ज्या ठिकाणी ब्लेडने एक नळी कापली गेली होती तिथून पाण्यात धुरासारखं काहीतरी वाहत होतं. केळीचा चीक निराळा, तो थेंब धरून थांबतो. हे वाहतच राहिलं. मोठी भिंगं लावली, तेलाचा थेंब टाकला. बारीक काड्या. हजारोंनी, वळवळणाऱ्या.

जिवाणू झाडाच्या आत होते. पेशीत नव्हते, पेशींच्या मधल्या बोळांत होते. मुनवा आला तेव्हापासून. आम्ही औषधाच्या पाण्यात बुडवायचो त्याने साल स्वच्छ व्हायची, आतल्या बोळांपर्यंत औषध पोचायचंच नाही. चार महिने ते निमूट राहिले आणि संख्या वाढल्यावर जेलीत उतरले. कुठल्याही बाईने ते झाड कापलं असतं तरी उतरले असते. लाइन आणि बाई मीच एकत्र बांधली नसती, आठही जणींनी आठही लाइनी कापल्या असत्या, तर धुकं पहिल्याच आठवड्यात आठही जणींच्या बाटल्यांत दिसलं असतं आणि कुणाच्याही हाताकडे कुणी बघितलं नसतं.

काकूंच्या लाइनच्या पाच चकत्या बघितल्या. काही नाही.

मालक मानायला तयार नव्हते. त्यांनी स्वतः डोळा लावून बघितलं आणि म्हणाले, "हे बाटलीतलं झालं. पावण्याच्या झाडात असेल कशावरून? झाड तर ठणठणीत आहे."

"मग झाडाचाच मुनवा आणा."

दुसऱ्या दिवशी जीपमधून डिंगोऱ्याचे दोन मुनवे आले, माती लागलेले. एक मी मालकांसमोर कापला. नळीतून तोच धूर. मालकांनी दोनदा बघितलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा बघितलं. "मेव्हण्याला काय सांगू?" एवढंच म्हणाले. संध्याकाळपर्यंत डिंगोऱ्याच्या सगळ्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये उकळून खड्ड्यात गेल्या. पाच महिन्यांचं काम होतं ते.

राहिली लोणी. निरोप पाठवून भागणारं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी मांडीवर आणि उरलेला मुनवा पिशवीत घेऊन मी मंचरहून एसटी पकडली. कांदा लागणीचे दिवस होते. रस्त्याने प्रत्येक वाफ्यात बायका ओणव्या होत्या. तिच्या घरी पोचले तर ती ओट्यावर बसून हरभऱ्याची डाळ निवडत होती. भर लागणीत लोणीत घरी बसलेली बाई म्हणजे आजारी तरी, नाहीतर कुणी न बोलावलेली.

तिच्या सासूबाईंनी पाणी दिलं आणि विचारायच्या आत सांगून टाकलं. "टोळीवालीनं न्हाई घेतलं तिला औंदा. म्हनली, कंपनीत हिच्या हातची झाडं नासली म्हनं, माझे वाफे कशाला नासू?"

मी झालं ते सगळं सांगितलं. अदलाबदलीचंही. ती डाळीतून बोटं फिरवत ऐकत होती.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "उद्यापासून कामावर ये."

"काकू आल्या न्हाईत त्या?"

"नाही. येतील असं वाटत नाही."

"न्हाई येनार." ती सूप बाजूला ठेवून उठली. "कामाचं मागनं बघू, मॅडम. आधी टोळीवालीला सांगा. मी सांगून काय उपयोग?"

टोळीवाली वाफ्याच्या कडेला उभी राहून रोपांच्या पेंढ्या वाटत होती. पन्नाशीची, काळी, आवाज विहिरीतून यावा तसा. लागणीला बायका ठरवणं, त्यांची मजुरी ठरवणं, कुणाला घ्यायचं नाही ते ठरवणं, सगळं तिच्या हातात. तिच्या टोळीत पंधरा-सोळा बायका होत्या. मी क्रेट उपडा घातला, त्यावर सूक्ष्मदर्शक ठेवला, आरसा आभाळाकडे वळवला. बायका हातातली रोपं तशीच घेऊन गोळा झाल्या.

"बाई, फोटू काढनार व्हय?" कुणीतरी म्हणालं.

मी शक्य तितकं सोपं सांगितलं. झाडात रोग आधीपासून होता, तिच्या हाताचा संबंध नव्हता. एक चकती कापून ठेवली आणि टोळीवालीला डोळा लावायला सांगितलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"हालतंय," ती म्हणाली. "धुरावानी."

"तेच जिवाणू. झाडाच्या आत असतात."

"पर ह्ये हिच्या हातनं आत गेलं नसंल कशावरनं? तुमच्या कंपनीत हिनंच कापलं ना?"

लोणीवाली बांधावर उभी होती, पुढे आली नव्हती. माझ्याकडे एवढा एकच मुनवा होता आणि प्रश्न अगदी बरोबर होता. मी स्वतः तो आधी विचारायला हवा होता.

"हा मुनवा कंपनीतला नाही," मी म्हटलं. "डिंगोऱ्याच्या मळ्यातून थेट आलाय. ही माती बघा. हिने त्याला अजून हातही लावलेला नाही. आणि तुम्हाला माझाही भरवसा नसेल तर तुमच्या विळ्याने कापा. नवीन जागी. तुम्हीच."

टोळीवालीने माझ्याकडे बघितलं. विळा पदराला पुसला, मुनवा क्रेटवर आडवा धरला आणि खालच्या बाजूने एकच घाव घातला. मी त्या ताज्या कापातून चकती घेतली. थेंब, काच. आधी माझा डोळा लावला. काही नाही. फक्त पेशी, आणि चिकाचे गोल थेंब. काच सरकवली. काही नाही. प्रत्येक नळीत जिवाणू असतीलच असं नसतं, हे मला माहीत होतं आणि तिथे ते कुणाला समजावता आलं नसतं. आणखी थोडी सरकवली. चकतीच्या काठाला एका नळीच्या तोंडातून बारीक धार निघाली, वळली, पसरली.

मी बाजूला झाले. टोळीवालीने बघितलं. मग पाळीने सगळ्यांनी बघितलं.

"म्हंजी आता माझा बी हात वाईट?" टोळीवाली म्हणाली.

"तुजा आधीपास्नंच हाय, आक्का," मागून एक बाई म्हणाली, आणि हसणं फुटलं. टोळीवाली हसली नाही. तिने विळा कमरेला खोचला आणि बांधाकडे न बघताच बोलली, "उबी काय ऱ्हायलीस? ऊन चढाया लागलं. पेंढी घे."

लोणीवालीने चपला काढल्या, पदर खोचला आणि पाण्याने भरलेल्या वाफ्यात उतरली. मी पेटी बंद करेपर्यंत तिची एक ओळ लावून झाली होती. मी काठावरून विचारलं, "मग सोमवारी?"

तिने मान वर केली नाही. बोटाने चिखलात खळगा, त्यात रोप, अंगठ्याने दाब. "लागण उरकली की येते, मॅडम. ईस-पंचवीस दिस लागत्याल. तुमच्या बाटल्या फडताळावर थांबत्यात. कांद्याचं तसं न्हाई."

त्या पंचवीस दिवसांत आम्हाला एक बाई कमी पडली. मी उरलेल्या सातही लाइनींचे ट्रे मिसळले, रोज वेगळ्या बाईला वेगळी लाइन दिली आणि लोणीवालीच्या लॅमिनारवर स्वतः कापायला बसले. पहिल्या आठवड्यात माझ्या तीन बाटल्या नासल्या. काकूंनी त्या दिव्यासमोर धरून मला दाखवल्या आणि उकळायच्या ट्रेमध्ये ठेवल्या.